रानमोडीच्या मुळाशी काय दडलंय?

चवथ जवळ आली की पेडणे-डिचोलीत माटोळीचं सामान आणायला माणसं रानात शिरतात. कांगलां, घागऱ्यो शोधायच्या तर आधी रानमोडी बाजूला सारावी लागते. ही मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकात भारतात आली आणि बघता बघता कोकणभर पसरली. (काजूही परदेशीच, पोर्तुगिजांनी आणलेला, पण त्याच्यावर कोण रागावणार?)

मी वनस्पतिशास्त्र शिकले म्हणून लोक मला विचारतात, "तोडून का टाकत नाहीत?" तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते आणि बी वाऱ्यावर उडतं. शिवाय खरा खेळ मातीखाली चालतो. दिल्ली विद्यापीठाचे इंदरजीत आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटात रानमोडीच्या मुळांजवळची माती तपासली. त्यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मातीत फ्युझेरियम बुरशीचे बीजाणू शेजारच्या मातीपेक्षा 25 पटींहून जास्त होते. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांवर ही बुरशी पोसते आणि इतर रोपांना मारक ठरते. त्या मातीत बांबूची वाढ खुंटली. माती निर्जंतुक केल्यावर मात्र तो परिणाम गेला. म्हणजे रानमोडी उपटली तरी तिनं बिघडवलेली माती मागे उरते. किती काळ? मला वाटतं, संशोधनाला हा प्रश्न फार छान आहे, आणि आपल्या गावच्या मातीवर तो आपणच विचारायला हवा.

डिचोलीत दुसरा प्रश्न तयार आहे. लोहखनिजाच्या खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर, ज्यांना आपण डंप म्हणतो, त्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, म्हणून निकस मातीतही ती तगते. दुरून सगळं हिरवंगार दिसतं. पण तिच्या सावलीत रानातली रोपं येतात का? मुळांना फॉस्फरस पुरवणाऱ्या बुरशींवर गोवा विद्यापीठात बरीच वर्षं काम झालं आहे, त्यामुळे मार्गदर्शन घरच्या घरी मिळू शकतं. ओल्ड गोव्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीवरची संस्थाही आहे.

बीएस्सीच्या प्रकल्पाला मोठं यंत्र लागत नाही. तीन प्रकारची माती घ्या: रानमोडीखालची, तिथलीच पण वाफवलेली, आणि रानमोडी नसलेल्या जवळच्या जागेची. प्रत्येकीच्या निदान दहा कुंड्या करा आणि त्यांत घागऱ्यांचं बी पेरा. हे कडधान्याच्या कुळातलं झाड, त्यामुळे मुळांवरच्या गाठी नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. दोन महिन्यांनी रोपं हळूच धुऊन काढा. मुळं तोडू नका, तिथेच सगळं आहे. मग वाळवून वजन करा.

माती आपल्याच काजूच्या बागेतली असली तर सोपं. राखीव जंगलातली हवी असेल तर वनखात्याची परवानगी लागते, आणि देवराईत पाऊल टाकण्याआधी गावकऱ्यांना विचारायचं. अर्ज उन्हाळ्यातच करून ठेवा, म्हणजे पहिल्या पावसाला कुंड्या तयार असतील.