रुळांवरची ट्राम आणि रस्त्यावरची बस

म्हैसूर येथे दसऱ्याच्या दिवशी राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत मिरवणूक निघते, तेव्हा सयाजीराव रस्ता वाहनांस बंद होतो व बसगाड्या अन्य रस्त्यांनी वळविल्या जातात. या रस्त्यावर ट्राम असती तर काय झाले असते? ती उभी राहिली असती. रुळांनी दिलेली वाट तिला सोडता येत नाही. ट्रामचे सामर्थ्य आणि तिची अडचण या दोहोंचे मूळ रुळांतच आहे.

हवा भरलेले रबरी टायर रस्त्यावर टेकते तेथे चपटे होते व लगेच पूर्ववत होते. या दबण्या-फुगण्यात काही ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. दूरवरून आलेल्या बसचे टायर हातास ऊन लागते, त्याचे हे एक कारण होय. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच थोडे दबते. म्हणून तेवढेच ओझे रुळांवरून ओढण्यास पुष्कळच कमी जोर पुरतो. घोड्यांच्या काळी या गुणाचे मोल विशेष होते. मुंबईत ९ मे १८७४ रोजी सुरू झालेली ट्राम घोडेच ओढीत असत. विजेची ट्राम तेथे ७ मे १९०७ रोजी आली आणि १९२० मध्ये तिला वरचा मजलाही चढला. परंतु जे चाक सहज फिरते ते सहज घसरतेही. सबब ओल्या रुळांवर चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय करावी लागते.

मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी बस सुरू झाली. पुढे शहर उत्तरेस पसरत गेले. नव्या वस्तीकडे बस धाडण्यास रस्ता असला म्हणजे पुरे. ट्रामसाठी तो खणून रूळ घालावे लागतात. शिवाय एक ट्राम बिघडली की मागच्या सर्व खोळंबतात, आणि रूळ रस्त्याच्या मधोमध असल्यास उतारूंना धावत्या मोटारींतून वाट काढावी लागते. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी मुंबईची अखेरची ट्राम धावली.

हा निर्णय त्या काळी समजण्यासारखा होता. मात्र असल्या हिशेबात एक खोट सहज राहून जाते. रुळांचा खर्च ट्रामच्या खाती पडतो; बसच्या चाकांखाली झिजणारा रस्ता मात्र सर्वांच्या खाती जातो. फ्रान्समधील नांत शहराने १९५८ मध्ये ट्राम मोडीत काढली आणि १९८५ मध्ये नव्याने रूळ घातले. उलट कोलकात्यात लहानसा वारसा-मार्ग वगळता उर्वरित ट्राम बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला. आता विजेच्या बसही आल्या आहेत. त्यांना धूर नाही, पण बॅटरीचे ओझे स्वतःच वाहावे लागते.

मग निवड कशी करावी? साठ उतारूंची बस दर दोन मिनिटांनी सुटली, तर तासाला एका दिशेने १,८०० माणसे जातात. मागणी याच्या कितीतरी पट झाली की बसगाड्या थांब्यांवर एकमेकींमागे तुंबू लागतात. तेथे एका चालकाच्या हाती दोन-तीन जोडडबे देणारी ट्राम सरस ठरते, पण तिला स्वतंत्र वाट राखून दिली तरच. मोटारींच्या गर्दीत सोडलेली ट्राम बसहूनही पंगू होय. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या मोठ्या रस्त्यावर सकाळी तासभर उभे राहून बसगाड्या व त्यांतील उतारू मोजावेत, आणि हाच आकडा पावसाच्या दिवशी पुन्हा घ्यावा.