पिस्तूल घ्यायचं तर परवाना कसा मिळतो? आणि ते चालवून बघायचं कुठे?

कमरेला पिस्तूल, मागे गाडी आणि खाली दणदणीत गाणं. असे रील मराठवाड्यात नवीन नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली आणि हवेत गोळीबाराचे जुने व्हिडिओही पुन्हा बाहेर आले. पुढे प्रशासनाने त्यातले बरेच परवाने रद्द केले.

या सगळ्यात एक साधा प्रश्न मागेच राहिला. समजा बिलोलीतल्या एखाद्या माणसाला कायद्याने पिस्तूल घ्यायचंय, त्याने जायचं कुठे? आणि घेतलेलं पिस्तूल चालवायला शिकायचं कुठे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, पण मिळतं. दुसऱ्याचं उत्तर शोधताना मात्र बहुतेकांची पंचाईत होते.

आधी परवाना, मग दुकान

किराणा दुकानासारखं बंदुकीच्या दुकानात जाऊन आधी वस्तू पसंत करायची आणि मग कागदपत्रं बघायची, असं इथे चालत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. त्यानुसार अर्जदाराचं वय किमान २१ हवं. नांदेडला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून. बिलोलीला तहसील आहे, उपविभागीय कार्यालयही आहे, पण पिस्तुलाच्या परवान्यावर सही नांदेडलाच होते.

फॉर्म ए-१ भरायचा. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडायचा. मग फाइल स्थानिक पोलीस ठाण्याकडे जाते. तुमच्यावर गुन्हे आहेत का, शेजारीपाजारी काय सांगतात, तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे का, हे तिथे तपासलं जातं. नियमाप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सरकारी कामातले ३० दिवस म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

इथे फारसं माहीत नसलेलं एक कलम आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कायदा निदान कागदावर तरी सधन माणूस आणि शेतमजूर यांच्यात फरक करत नाही. अर्ज फेटाळला तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्याविरुद्ध अपीलही करता येतं. सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षेला धोका वाटला, तर मात्र परवाना नाकारण्याचा अधिकार आहे आणि तो भरपूर वापरला जातो.

रानडुकरं आणि रोही पिकं उद्ध्वस्त करतात म्हणून पिस्तूल हवं, असंही कुणी म्हणतं. पीक राखणीसाठी कायद्यात वेगळी सोय आहे, पण ती तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीची. पिस्तुलाची नाही. आणि बंदूक मिळाली म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली असं होत नाही. वन्यजीव कायदा वेगळा आहे.

परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो तीन वर्षांचा होता. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. निवडणुकीच्या काळात अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, ते वेगळंच.

मिळतं काय?

सिनेमातलं ९ मिमी पिस्तूल सामान्य माणसाला मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं आणि विनापरवाना सापडलं तर शिक्षा ७ ते १४ वर्षांची आहे. नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ बोअर येतो. सरकारी कारखान्यांतलं ‘अशनी’ पिस्तूल, कानपूरची रिव्हॉल्व्हरं आणि गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या खासगी कंपन्यांचा माल यांतून निवड करायची. ‘निर्भीक’ हे कानपूरचं हलकं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. त्या किमतीवर तेव्हा अनेकजण हळहळले होते. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाल्याने जुन्या परदेशी पिस्तुलांचे भाव तर ऐकवत नाहीत.

कर आणि किंमत परवडली तरी खरी अडचण काडतुसांची असते. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. मोजून मिळालेली काडतुसं सरावावर कोण उडवणार? म्हणून पिस्तूल कपाटात जातं आणि तिथेच राहतं. ज्याने आयुष्यात दहा-वीस गोळ्या झाडल्यात, त्याच्याकडून रात्री दोन वाजता, अंधारात, घाबरलेल्या हाताने नेम धरण्याची अपेक्षा असते. घरात इतर माणसंही असतात. आणि कायदा तिथेही मोजूनमापून बोलतो: स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्कही उरत नाही.

चालवून बघायचं कुठे?

शेतात बाटली ठेवून नक्कीच नाही. बाटली चुकवलेली गोळी बांधावर थांबत नाही, पुढच्या वस्तीपर्यंतही जाते. लग्नात किंवा वरातीत हवेत गोळी झाडली, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पिस्तूल परवान्याचं असलं तरीही. रील टाकणारा तर पोलिसांचं काम स्वतःच सोपं करतो. आणि पिस्तूल विनापरवाना, म्हणजे गावठी कट्टा असेल, तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं.

जागा एकच, मान्यताप्राप्त रेंज. राज्यातली सगळ्यात ओळखीची रेंज पुण्यात बालेवाडीला आहे. बिलोलीहून तिथे पोहोचायचं म्हणजे जवळपास एक अख्खा दिवस प्रवासात. मराठवाड्याच्या या टोकाला पिस्तूल विकत घेणं कठीण आहेच, पण ते नीट शिकणं त्याहून कठीण.

रेंजवर पहिल्या दिवशी जे घडतं ते रीलसारखं दिसत नाही. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. गोळी भरायची ती हुकूम मिळाल्यावर, आणि ‘स्टॉप’ ऐकू आलं की हात तिथल्या तिथे थांबतो. नवशिक्याची नजर लक्ष्यावर खिळते. खरं तर पुढची माशी स्पष्ट आणि लक्ष्य धूसर दिसायला हवं. दुसरी खोड धक्क्याची: गोळी सुटण्याआधीच हात दचकतो आणि नळी खाली झुकते. यावरचा उपाय फुकट आहे, रिकाम्या पिस्तुलाने ट्रिगर दाबायचा सराव. चांगले नेमबाजही तो रोज करतात.

परवान्याशिवायचा दरवाजा

ज्याला भीती किंवा रुबाब नको, फक्त नेमबाजी हवी आहे, त्याला जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढायचीच गरज नाही. ४.५ मिमी बोअरचं आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीचं एअर पिस्तूल परवान्यातून मुक्त आहे. ऑलिम्पिकच्या १० मीटर स्पर्धेत हेच वापरतात. मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्य जिंकलं. पिस्तूल एका हाताने धरायचं, ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे, आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिमीचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.

स्पर्धेचं परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, हे खरं. पण सुरुवातीला ते घ्यावंच असं नाही, क्लबचं वापरता येतं. १० मीटरला मैदान लागत नाही. एक लांब हॉल, मागे छर्रे अडवणारी भक्कम व्यवस्था आणि शिकवणारा माणूस एवढं पुरतं. शाळा-महाविद्यालयांचे रिकामे हॉल बिलोलीतही असतील. कमी आहे ती शिकवणाऱ्याची. सराव झाल्यावर हात मात्र साबणाने धुवायचे, छर्रे शिशाचे असतात.

कोल्हापूरने हे करून दाखवलंय. तिथली राही सरनोबत २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये उतरली. अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि निकालासाठी दोनदा शूट-ऑफ घ्यावा लागला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. २५ मीटरला खरी काडतुसं आणि परवाना दोन्ही लागतं, पण खेळाडूंसाठी नियम वेगळे आहेत: शस्त्रांची आणि काडतुसांची मर्यादा सैल होते, आणि कनिष्ठ नेमबाजाला बाराव्या वर्षापासून देखरेखीखाली सराव करता येतो. म्हणजे बिलोलीच्या सातवीतल्या मुलीला रेंजवर नेम धरायची मुभा कायदा आजही देतो. तिला हवी ती रेंज तेवढी शेकडो किलोमीटर लांब आहे.