श्रवणकौशल्य विकासात दृक्-श्राव्य साधनांचा उपयोग : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

श्रवण, भाषण, वाचन व लेखन या चार भाषिक कौशल्यांत श्रवण हे पायाभूत कौशल्य होय. जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर यांसारख्या तालुक्यांतील तांड्यांवर घरी बंजारा भाषा बोलली जाते. तेथील बालकास प्रमाण मराठी प्रामुख्याने शाळेतच ऐकावयास मिळते. श्रवणातील उणीव पुढे वाचन-लेखनातही उतरते.

ती भरून काढण्यास दृक्-श्राव्य साधने उपयुक्त ठरतात. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेली बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली; त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘दीक्षा’मुळे शैक्षणिक ध्वनिचित्रफिती भ्रमणध्वनीवर आल्या. तथापि, चित्रावरूनच आशय कळला तर कानाला काम उरत नाही. म्हणून दोन-तीन मिनिटांचा भाग प्रथम पडदा झाकून केवळ ऐकवावा व ‘कोण, कोठे, काय’ असे तोंडी प्रश्न विचारावेत. नंतर तोच भाग चित्रासह दाखवून विद्यार्थ्यांना आपली उत्तरे पडताळू द्यावीत आणि शेवटी त्यांच्याकडून कथन करून घ्यावे.

प्रारंभी उत्तर घरच्या भाषेत आले तरी ते ग्राह्य मानावे. कारण येथे मूल्यमापन आकलनाचे आहे, उच्चारांचे नव्हे. अन्यथा ऐकून समजलेले मूलही अबोल राहते आणि त्याचे मौन अज्ञान म्हणून नोंदविले जाते.