पाऱ्याच्या आरशाला नवी कलई नको

जुन्या युरोपीय भिंत-आरशावर करडे ठिपके दिसले की पुन्हा कलई करून घ्यायची अनेकांना घाई होते. माझ्या मते हा निव्वळ तोटा आहे. व्हेनिसजवळच्या मुरानोत आणि पुढे फ्रान्समध्ये काचेमागे चांदी नसे, कथील आणि पारा असे. सपाट मेजावर कथलाचा पातळ वर्ख अंथरायचा, त्यावर पारा ओतायचा, काच अलगद सरकवायची, वर वजनं ठेवायची आणि मेज तिरकं करून जादा पारा कित्येक दिवस निथळू द्यायचा. पाऱ्याच्या वाफांनी कारागिरांचे हात कापू लागत. झगमगाटाची ही किंमत होती. व्हर्सायच्या आरसेमहालात 357 आरसे बसवले ते याच रीतीचे. 1835मध्ये रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक कृती शोधली आणि पारा हळूहळू मागे पडला.

तोंडही धड दिसत नाही तो आरसा काय कामाचा, हा आक्षेप रास्तच. पण तोंड पाहायला नवा आरसा स्वस्तात मिळतो. ते ठिपके म्हणजे कथील गंजल्याच्या, पारा ओघळल्याच्या खुणा; कलई खरवडली की आरशाच्या वयाचा हा पुरावाच जातो. मात्र खालच्या चौकटीत पाऱ्याचे थेंब साठलेले असू शकतात, तेव्हा मागची फळी स्वतः उघडू नका.