आकाशाला कुंपण आहे का?

गंमत सांगू? आकाश केवढं मोठं, हा प्रश्न आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वीही शिकवला जायचा!

चाळीसगावजवळ पाटणादेवीचं देऊळ आहे ना, तिथे शके ११२८ मधला एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी इथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ शिकवायला! शेवटच्या ओळी तर चक्क जुन्या मराठीत!

आजोबांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी. त्यात आकाशाच्या घेराचा आकडा आहे. १८७१२०६९२०००००००० योजनं! (योजन म्हणजे अंतराचं जुनं माप.) एका दमात वाचून दाखव बघू! १७ अंकी आहे तो.

कुणी म्हणायचं, ब्रह्मांड एवढंच. पण भास्कराचार्य काय म्हणाले, ओळख! ते म्हणाले, ब्रह्मांड एवढं असो वा नसो. एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, ग्रह एवढं अंतर चालतो. बस्स! जे मोजता आलं नाही, त्याची हमी त्यांनी दिली नाही. मला हे फार म्हणजे फार आवडतं!

आणि अनंत म्हणजे काय, हे त्यांना छान ठाऊक होतं बरं का. शून्यानं भागलेल्या संख्येला ते ‘खहर’ म्हणत. तिच्यात काहीही मिळव, तिच्यातून काहीही काढ, ती आहे तेवढीच!

मग आज दुर्बिणीतून विश्वाची कड दिसत नाही का?

रावेरकडच्या केळीच्या बागेत मधोमध उभं राहा. चहूकडे केळीच केळी! थोड्या ओळींपलीकडचं पानांमुळे दिसतच नाही. म्हणून बाग तिथेच संपली का? पलीकडे दोनच ओळी असतील, नाहीतर पार तापीपर्यंत बाग असेल!

आपलंही तसंच. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर पळतो, पण विश्वाचं वयच आहे सुमारे १३८० कोटी वर्षं. फार लांबचा प्रकाश अजून वाटेतच आहे! तो पोचलाच नाही, तर दिसणार कसा?

बरं, विश्व संपतं म्हणजे त्याला भिंतच हवी, असंही नाही हं! धुळ्याहून निघ आणि न वळता सरळ जात राहा. डोंगर, समुद्र, सगळं ओलांड. कड लागतच नाही. पण एक दिवस समोर काय येतं? पुन्हा धुळे! पृथ्वी मर्यादित आहे, पण तिला कड नाही. विश्वही असंच वळलेलं असेल का?

हे तपासायची युक्ती तुझ्या भूमितीच्या वहीत आहे! कागदावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. पण उत्तर ध्रुवावरून सरळ विषुववृत्तावर ये, तिथून पाव फेरी मार आणि परत ध्रुवावर जा. झाला त्रिकोण! बेरीज? २७० अंश!

शास्त्रज्ञांनी विश्वातल्या सगळ्यात जुन्या प्रकाशावरून अवकाशातला अफाट त्रिकोण तपासला. बेरीज आली जवळजवळ १८०! म्हणजे विश्व अनंत असेल, किंवा इतकं प्रचंड, की त्याचा बाक आपल्या मापात येतच नाही. कोणतं खरं? मोजणी अजून चालू आहे!