मागच्या ब्रेकचं गणित

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा आणि मोटारसायकलींचे ब्रेक बघा. मागचे लायनर झिजलेले, पुढचे मात्र नव्यासारखे! कारण गाडी शिकताना आपल्याला एकच मंत्र मिळतो, "पुढचा ब्रेक दाबू नको, गाडी उलटंल." मलाही साताऱ्यात हाच मिळाला होता आणि मी तो इमानदारीत पाळला.

सेकंड इयरच्या जानेवारीत मी आणि माझा रूम पार्टनर साताऱ्याहून सांगलीला निघालो. पेठ नाक्यावरून आत वळलो, आष्टा मागं पडलं, अंधार झाला. अचानक समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर! मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. होता नव्हता तेवढा जोर मी पायात आणला. मागचं चाक जाम झालं, गाडीची शेपटी सरकली आणि आम्ही साइडपट्टीवर आडवे. माझं खरचटण्यावर निभावलं. त्याचं उजवं मनगट मोडलं. पुढचा दीड महिना त्याची जर्नल्स मी लिहिली, तेव्हा कुठं हे गणित मांडायची बुद्धी झाली.

समजा गाडी आणि स्वार मिळून २०० किलो, उभ्या गाडीत वजन दोन्ही चाकांवर निम्मं-निम्मं. ब्रेक लागला की वजन पुढं झुकतं. गुरुत्वमध्याची उंची दोन चाकांतल्या अंतराच्या निम्मी धरली, तर कोरड्या डांबरावर कडक ब्रेक लावताना (मंदन ०.८ जी) ९० टक्के भार पुढच्या चाकावर जातो. मागच्यावर उरतो फक्त १० टक्के. टायरची पकड भारावर अवलंबून, त्यामुळं मागचं चाक लगेच घसरतं. आणि जाम झालेल्या चाकाला आडवी पकड जवळजवळ राहतच नाही, म्हणून शेपटी सरकते. याच हिशेबानं ताशी ६० किलोमीटरवरून दोन्ही ब्रेकनी गाडी १८ मीटरमध्ये थांबते, नुसत्या मागच्या ब्रेकनं मात्र ५० मीटर लागतात. यात आपल्याला भान यायला लागणारा वेळ धरलेलाच नाही!

मग मागचा ब्रेक काढून टाकायचा का? मुळीच नाही. चिखल, खडी, पावसाचा पहिला शिडकावा अशा ठिकाणी मंदन ०.३ जी पर्यंतच मिळतं. मग वजनही कमी झुकतं आणि मागच्या चाकावर ३५ टक्के भार राहतो. म्हणजे निसरड्यावर मागच्या ब्रेकचा वाटा वाढतो, फक्त पाय हलका पाहिजे. डबल सीट असताना मागचा भार आणखी वाढतो. आणि गर्दीत सावकाश वळताना, चढावर गाडी धरताना तोल सांभाळतो तो मागचाच ब्रेक.

आता आमच्या जिल्ह्यातला पसरणी घाट घ्या. पाचगणीहून वाईला उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग आपल्यातच आहेत. उतार ५०० मीटरहून जास्त. २०० किलोचे नुसत्या ५०० मीटरचे ९.८ लाख ज्यूल होतात, म्हणजे तीन लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता! त्यातली बरीचशी ब्रेकमध्ये जिरवायची. मागचा ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल खोल जातं. म्हणून इंजिन चालू, गिअर खालचा. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. एक लक्षात ठेवा, इंजिनचा अडसरही मागच्याच चाकावर येतो. त्यात पेडल जोरात दाबलं तर चाक लवकर जाम होतं.

"माझ्या गाडीला एबीएस आहे," असं कुणी म्हणेल. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याखालच्यांना एबीएस किंवा सीबीएस. पण सिंगल चॅनल एबीएस पुढच्या चाकापुरतंच असतं. मागचं चाक तिथंही जाम होतं.

म्हणून सवय लावायची ती अशी. आधी मागचा हलका, लगेच पुढचा, आणि वजन पुढं गेलं तसा पुढचा वाढवत न्यायचा. झटका नाही. मागचं चाक घसरतंय असं वाटलं, तर गाडी सरळ आहे तोवरच पाय हलका करा. आडवी झाल्यावर एकदम सोडलात तर टायर अचानक पकड घेतं आणि गाडी तुम्हाला उलट बाजूला फेकते. रविवारी मोकळ्या मैदानावर हेल्मेट घालून ताशी २०-३० वर अर्धा तास सराव करा. त्याआधी मिस्त्रीकडून पेडलचा प्ले आणि लायनर बघून घ्या.

पार्टनरचं मनगट आता बरं आहे. पण थंडीत ठणकतं. आजही माझ्यामागं बसताना तो आधी विचारतो, "पुढचा लावतोस ना रे?"