कोथिंबीर: चिमूटभर आणि जुडीभर

पोह्यांवरची कोथिंबीर एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावणाऱ्याला घरात नखरेल ठरवतात. विज्ञानाने मात्र त्याची थोडी बाजू घेतली आहे. कोथिंबिरीचा वास डेकॅनल, डोडेसेनल अशा अल्डिहाइडांचा. त्यांची भावंडं साबणात सापडतात आणि दुर्गंध सोडणाऱ्या काही किड्यांच्या स्रावातही. २०१२ साली हजारो लोकांच्या जनुकीय अभ्यासात 'साबणासारखी लागते' ही तक्रार ओआर६ए२ या गंधग्राहक जनुकाजवळच्या एका बदलाशी जुळलेली दिसली.

पण सगळं खापर जनुकांवर फोडता येत नाही. टोरांटोतल्या तरुणांच्या पाहणीत पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्क्यांना कोथिंबीर नावडती होती, दक्षिण आशियाई वंशाच्या अवघ्या ७ टक्क्यांना. लहानपणापासून आमटीत, भेळीत, भरल्या वांग्यात तीच असली, तर नाक सरावतं.

नावड असलेल्यांनी चटणी करून बघावी. पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पानं वाटली की पेशी फुटतात आणि पानांतलीच विकरं ही अल्डिहाइडं मोडू लागतात. वासाची धार उतरते. ज्यांना तीच धार हवी, त्यांनी गॅस बंद केल्यावरच कोथिंबीर भुरभुरावी, कारण हा वास उष्णतेने उडून जातो. कोवळे देठ फेकणं हा तर शुद्ध वेडेपणा. ते वाटणात घालावेत. थाई स्वयंपाकात मुळंसुद्धा वाटतात.

आता औषधी गुणांबद्दल. १०० ग्रॅम कोथिंबिरीत सुमारे ३१० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व आणि २७ मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व असतं. आकडे भारदस्त आहेत, पण वरून पेरलेली कोथिंबीर भरते जेमतेम दोन-तीन ग्रॅम. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की डोडेसेनल पेशींमधल्या काही पोटॅशियम वाहिन्या उघडतं. फेफऱ्यावरची काही औषधं याच वाहिन्यांवर काम करतात. हे प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे, कुणी त्यावर गोळ्या बंद करू नयेत.

खरा पोटभर डोस मिळतो विदर्भात. तिथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बेसनाच्या पारीला आतून चिंच आणि मसाल्याचा हात फिरवून, खसखस-खोबऱ्यासोबत मूठमूठ सांबार भरून तळलेली सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची चक्क भाजीच. के जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन तेलासोबत अंगी लागतात, हेही तिच्या पथ्यावर पडतं. तळणाच्या कॅलरी अर्थात वेगळ्या मोजाव्या लागतात. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी मात्र एकदम ताटभर वड्यांवर ताव मारू नये. के जीवनसत्त्व अचानक वाढलं की त्या औषधाचा असर कमी होतो.